केसरी मंगळवारी निघायचा

‘ताई, मी जुन्नर तालुक्यातली. एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संशोधन प्रकल्पासाठी “१८९७चा पुण्यातला प्लेग आणि लोकांची प्रतिक्रिया” हा विषय घेतला. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात यावर तीन-चारच पुस्तकं आहेत आणि पुण्याला सारखं जाणं परवडत नाही, म्हणून मोबाइलवर एआयला विचारून संदर्भसूची केली. चौदा नावं होती. सरांनी त्यातल्या एकावर बोट ठेवून विचारलं, “हे कुठे पाहिलंस?” मला सांगता आलं नाही. नंतर शोधलं तर असं पुस्तकच नाही. अजून चार तशीच निघाली. सर काही बोलले नाहीत, नुसता मसुदा परत दिला. त्याचंच जास्त लागलंय. विषय बदलू का? खरे संदर्भ शोधायचे कुठे, कशावर विश्वास ठेवायचा, ते लिहायचे कसे, हे आम्हाला कुणी नीट शिकवलेलंच नाही. आणखी एक. माझी आजी ब्याऐंशी वर्षांची आहे. प्लेगात अख्खं गाव रानात झोपड्या घालून राहिलं होतं, असं ती तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगते. ते प्रकल्पात घेता येईल का, की “ऐकीव” म्हणून सर काढून टाकतील?’

विषय बदलू नकोस. इतका चांगला विषय हाताशी असताना पाच खोट्या नावांपायी तो सोडायचा नाही. उद्या सरांकडे जा आणि झालं ते जसंच्या तसं सांग: यादी यंत्राकडून घेतली, पुस्तकं पाहिली नव्हती, पाच नावं खोटी निघाली. त्यांनी मसुदा काही न बोलता परत दिला, म्हणजे तुला दुरुस्तीला वाव ठेवला आहे. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली. आपण होऊन चूक सांगणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकाने झिडकारल्याचं मला फारसं आठवत नाही. चूक झाकून तोंडी परीक्षेपर्यंत गेलेल्यांचे हाल मात्र पुष्कळ पाहिले.

पण सरांकडे जाण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचार. पाच खोटी निघाली, मग उरलेली नऊ खरी कशावरून? तू बहुतेक नाव शोधलंस, पुस्तक दिसलं, आणि हुश्श केलंस. पुस्तक जगात असणं आणि त्यात तुझ्या कामाचं काही असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एआयला संदर्भ दिसतो कसा हे चांगलं ठाऊक असतं: आधी आडनाव, मग साल, मग पुण्यातला एखादा प्रकाशक. त्या साच्यात बसेल असं नाव ते जुळवून देतं. ग्रंथालयाच्या कपाटात हात घालून ते काढलेलं नसतं. म्हणून चौदाच्या चौदा नावं सूचीतून काढ. नऊ नावं वहीच्या मागच्या पानावर ‘बघायची आहेत’ म्हणून लिहून ठेव. त्यातलं जे हातात येईल, उघडशील, वाचशील, तेच सूचीत परत येईल.

तळटीप देताना तू साक्ष देत असतेस की हे मी या कागदात, या पानावर पाहिलं. सरांनी ‘कुठे पाहिलंस’ एवढंच विचारलं ते म्हणूनच. त्या प्रश्नाचं उत्तर देता येणं एवढीच या सगळ्या शास्त्राची मूळ अट आहे. सूचीतले स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं नंतरची.

तुझ्याच विषयातली एक गोष्ट सांगते. १८९७च्या मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले. त्याच सुमारास इकडे पुण्यात प्लेग कमिटीने घरतपासणी सुरू केली. कमिटीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड. गोरे सोजीर, म्हणजे ब्रिटिश लष्कराचे शिपाई, घरांत शिरून रोगी शोधत होते. पुण्यातल्या स्नेह्यांची पत्रं गोखल्यांना जात होती आणि त्यांत सोजिरांच्या वागण्याबद्दल भयंकर मजकूर होता. दोन स्त्रियांवर अत्याचार झाले, त्यांतल्या एकीने जीव दिला, हेही होतं. गोखल्यांनी ते तिकडच्या मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्राच्या माणसाला सांगितलं. तिकडे गदारोळ झाला, मुंबई सरकारने आरोप नाकारले आणि पुरावा मागितला. गोखले परत आले तेव्हा पत्र लिहिणाऱ्यांची नावं उघड करणं त्यांना शक्य नव्हतं, आणि नावांवाचून आरोप उभा राहत नव्हता. त्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्या माफीबद्दल आपल्याच माणसांकडून त्यांना पुढे फार ऐकून घ्यावं लागलं.

गोखले खोटं बोलले नव्हते. पत्रं खरी होती आणि त्यांच्या विश्वासातल्या माणसांची होती. तरीही जे सांगितलं ते त्यांनी स्वतः पाहिलेलं नव्हतं आणि पाहणाऱ्याला पुढे आणता येत नव्हतं. एवढ्या सचोटीच्या माणसाला हे भोगावं लागलं. तुझ्या सरांचा प्रश्न किती जुना आणि किती गंभीर आहे ते यातून ध्यानात येईल.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू बघ, कारण साधन जोखायचं म्हणजे काय ते इथेच शिकता येतं. गोखल्यांनी माफी मागितली म्हणून अत्याचार झालेच नाहीत, असं सिद्ध होतं का? नाही. पुरावा मांडता आला नाही एवढंच सिद्ध होतं. रँडच्या अहवालात म्हटलं आहे की, स्त्रीच्या विनयाचा जाणूनबुजून भंग झाल्याची एकही विश्वासार्ह तक्रार कमिटीकडे किंवा सोजिरांवरच्या अधिकाऱ्यांकडे आली नाही. हे वाक्य सावकाश वाच. ‘विश्वासार्ह’ हे कोण ठरवणार? ज्या कमिटीने सोजीर घरात पाठवले, तीच. तक्रार कुणाकडे करायची? त्याच सोजिरांच्या अधिकाऱ्यांकडे. १८९७ साली शुक्रवार पेठेतली एखादी बाई त्या अधिकाऱ्यापुढे उभी राहून हे सांगेल, अशी कल्पना तरी करून बघ. अहवाल खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो कशाबद्दल बोलू शकतो आणि कशाबद्दल नाही, हे ओळखायचं. दवाखाने कुठे उभारले, किती घरं तपासली, चुना कसा मारला, यासाठी तो उत्तम साधन आहे. लोकांना काय वाटलं यासाठी तो दुबळा आहे, आणि तुझा विषय नेमका तोच आहे.

म्हणून तुला वृत्तपत्रांकडे जावंच लागेल. केसरी आणि मराठा ही टिळकांची दोन्ही पत्रं, शिवाय त्या काळची इतर. जुने अंक पाहण्यासाठी केसरीवाड्यातल्या ग्रंथालयात आधी विचारून जा.

केसरीबद्दल एक गोष्ट मनात पक्की कर. तेव्हा तो साप्ताहिक होता आणि मंगळवारी निघायचा. मराठा रविवारी. हे मला माझ्याच एम.फिल.च्या वेळी शिकावं लागलं. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा प्रसिद्ध अग्रलेख मी माझ्या प्रबंधिकेत घेतला होता, तारीख दिली होती ८ जुलै १८९७. तारीख एका पुस्तकातून उचलली होती, पण तळटीप थेट केसरीची दिली होती. मूळ अंक पाहिल्यासारखी. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, ‘बाई, त्या आठवड्यात केसरी गुरुवारी निघाला का?’ ८ जुलै गुरुवार होता. अंक ६ तारखेचा, मंगळवारचा. पुस्तक छापताना ६चा ८ झाला होता आणि ती चूक मी स्वतःची करून घेतली होती. पदवी मिळाली, पण तो प्रश्न अजून कानात आहे. तेव्हापासून वृत्तपत्राची कुठलीही तारीख समोर आली की आधी वार काढते. तूही काढ. २२ जून १८९७, ज्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, तो मंगळवार होता. त्यावरून मागे-पुढे सात-सात दिवस मोज. १५ जूनचा अंक, ज्यातल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तोही मंगळवारचाच. मंगळवारात न बसणारी केसरीची तारीख दिसली, की कुणीतरी मूळ अंक न पाहता लिहिलं आहे असं समज.

दुसरं, अग्रलेखाखाली नाव नसायचं. त्यामुळे ‘टिळक लिहितात’ असं सरळ लिहू नकोस. ‘केसरीने लिहिलं’ असं लिही. टिळकांचाच लेख आहे असं कुणा अभ्यासकाने दाखवलेलं असेल तर ते त्या अभ्यासकाच्या हवाल्याने सांग. लहान फरक वाटतो, पण संशोधन असल्याच फरकांवर उभं असतं.

दामोदर हरी चापेकरांनी अटकेत असताना लिहिलेलं आत्मवृत्त तुला वाचायला मिळेल. ते वाचताना रक्त तापतं, तापू दे. पण वहीत लिहिताना हेही लिही की हे पोलिसांच्या ताब्यात असताना लिहिलेलं आहे. कोणासमोर, कशासाठी, किती दिवसांनी, हे तीन प्रश्न प्रत्येक कागदाला विचारायचे. अहवालालाही, अग्रलेखालाही, हुतात्म्याच्या आत्मवृत्तालाही. आदर असलेल्या माणसाला प्रश्न विचारल्याने आदर कमी होत नाही.

आता शोधायचं कुठे. तुझी अडचण अंतराची आणि पैशांची आहे, म्हणून आधी घरबसल्या होईल ते सांगते. विकिपीडिया आणि मराठी विश्वकोश वाच, जरूर वाच, पण ओळख करून घेण्यापुरतं. नोंदीच्या तळाशी दिलेले संदर्भ तुझ्यासाठी नोंदीपेक्षा महत्त्वाचे. मग शोधगंगेवर जा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. प्लेगवरचा एखादा बरा प्रबंध सापडला की प्रकरणं राहू दे, आधी त्याची संदर्भसूची वाच. कुणीतरी चार-पाच वर्षं फिरून जमवलेला नकाशा तुला एका संध्याकाळी मिळतो. मात्र प्रबंध मान्य झाला म्हणजे त्यातलं प्रत्येक वाक्य तपासलेलं आहे, असं धरून चालू नकोस. सरकारी अहवालांसाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं संकेतस्थळ बघ. ब्रिटिशकालीन भारतातल्या रोगराईवरचे कितीतरी अहवाल त्यांनी स्कॅन करून खुले ठेवले आहेत. इंटरनेट अर्काइव्हवरही जुनी मराठी पुस्तकं भरपूर आहेत.

शोधताना शब्द बदलून बघ. इथे बहुतेक मुलं अडकतात. प्लेगला त्या काळी ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत, ‘गाठीचा ताप’ म्हणत. चापेकर कुठे चापेकर असतात, कुठे चाफेकर. इंग्रजीत पुणे हे पूना असतं. एका शब्दावर काही मिळालं नाही म्हणून ‘साधनं उपलब्ध नाहीत’ असं लिहून मोकळं व्हायचं नाही. जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅनमध्ये तर शब्दशोध बहुधा चालतच नाही. अनुक्रमणिका काढून पानं उलटावी लागतात. एआय वापरायचंच असेल तर इथे वापर: एखाद्या गोष्टीला इंग्रजीत काय म्हणत असतील, कुठल्या शब्दांनी शोधावं, एवढं विचार. तथ्य आणि संदर्भ त्याच्याकडून घेऊ नकोस.

दोन सापळे आधीच दाखवते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्यावरचा खंड, अठरावा, तीन भागांत आहे आणि फार सुंदर आहे. पण तो १८८५चा आहे. पेठा, लोकवस्ती, पाणीपुरवठा यासाठी घे. प्लेग त्यात असणार नाही, आणि तरीही प्लेगसाठी त्याचा हवाला देणारे निबंध माझ्या टेबलावर येऊन गेले आहेत. दुसरा सापळा कायद्याचा. साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ला झाला, आणि तोच २०२०मध्ये कोरोनाच्या वेळी आपल्याकडे लागू केला गेला. त्या वर्षी त्यात दुरुस्त्याही झाल्या. आज सरकारी संकेतस्थळावर जो मजकूर दिसतो तो दुरुस्त केलेला. १८९७ची कलमं म्हणून तो उतरवलास तर तुझ्या रँडच्या हातात २०२०चा कायदा जाईल.

पुरालेखागारात जायची इच्छा झाली तर एक ध्यानात ठेव. प्लेग पुण्यातला, म्हणून कागद पुण्यात, असं वाटतं. पुण्याच्या दफ्तराची खरी श्रीमंती पेशवाईची आहे. इलाख्याच्या सचिवालयाचे कागद मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुरालेखागारात आहेत. जाण्याआधी फोन कर, कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र ने, पेन्सिल ने. एकच दिवस हाताशी असेल तर फाइल पूर्ण वाचायचा मोह आवर. विभागाचं नाव, साल, खंड आणि कंपायलेशन क्रमांक (फाइलवरचा क्रमांक) आधी टिपून घे, मग मजकूर. उलटं केलंस तर घरी परतल्यावर उतारा असेल आणि तो कुठला हे सांगता येणार नाही. पुन्हा तिकीट काढून जाणं तुला परवडणारं नाही, म्हणून हे आग्रहाने सांगते.

संदर्भ लिहायची पद्धत तुमच्या विद्यापीठाने ठरवून दिली असेल ती घे. एपीए, एमएलए, शिकागो, कुठलीही चालेल, एकच शेवटपर्यंत पाळ. मराठी पुस्तकात शक मिळाला तर शकच लिही आणि पुढे इसवी सन जोड, मनानेच बदलू नकोस. आवृत्ती लिहायला विसरू नकोस, आवृत्ती बदलली की पान बदलतं. ‘तत्रैव’ (म्हणजे ‘तिथेच’) लिहायचं ते लगेच वरच्याच टिपेतलं साधन असेल तेव्हा. मध्ये दुसरी टीप घुसली की ते भलत्या पुस्तकाकडे बोट दाखवायला लागतं, म्हणून शेवटचा मसुदा होईपर्यंत ‘तत्रैव’ वापरूच नकोस, पूर्ण नाव लिहीत राहा.

आणि माझ्या हातून झाली ती चूक तुझ्या हातून होऊ नये म्हणून: मूळ अंक पाहिला नसेल तर तसं लिहायला अजिबात संकोच करू नकोस. ‘केसरी, ६ जुलै १८९७, अमुक ग्रंथात उद्धृत, पृष्ठ अमुक.’ यात कमीपणा काही नाही. जुन्नरहून प्रत्येक अंक पाहायला जाणं शक्य नाही हे कुणालाही कळतं. न पाहिलेला अंक पाहिल्यासारखा दाखवणं ही लबाडी आहे. ‘उद्धृत’ हा एक शब्द त्या लबाडीतून सोडवतो.

साम्य तपासणीची, म्हणजे तुझा मजकूर दुसऱ्याच्या मजकुराशी किती जुळतो हे यंत्राने तपासण्याची, भीती तू पत्रात लिहिली नाहीस, पण असेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, आणि त्यावर गेलं तर नोंदणीच रद्द. अवतरणात, नावानिशी घेतलेला मजकूर यात धरत नाहीत. पण आकड्यांच्या मागे लागू नकोस. दुसऱ्याचं वाक्य शब्द फिरवून आपलं केलं तर यंत्र फसेलही, वाचणारा फसत नाही. पुस्तक मिटून ठेव, मग स्वतःच्या शब्दांत लिही, मग उघडून तपास. माझे चांगले विद्यार्थी असंच करायचे.

आता आजी. तुझ्या पत्रातलं मला सर्वांत आवडलेलं तेच. घेता येईल, जरूर घे, फक्त ते काय आहे हे नीट ओळखून. हिशेब कर. आजी ब्याऐंशीची, म्हणजे तिची सासू अंदाजे १९१०-२०च्या आसपास जन्मलेली असणार. तिने १८९७चा प्लेग पाहिलेलाच नाही. मग आजी सांगते ते खोटं का? मुळीच नाही. १८९६मध्ये मुंबईत मांडवीला सुरू झालेली ती साथ पुढे वीस-पंचवीस वर्षं पुन्हा पुन्हा येत राहिली आणि गावं रानात जाऊन राहत राहिली. सासूबाईंनी लहानपणी पाहिलेली ती एखादी नंतरची साथ असेल. किंवा त्यांनीही आपल्या सासूकडून ऐकलं असेल आणि सांगता सांगता मधली एक पिढी गळून गेली असेल. आजीला विचार: सासूबाई ‘मी झोपडीत राहिले’ म्हणायच्या, की ‘राहत होते लोक’ म्हणायच्या? तेव्हा त्या केवढ्या होत्या? लग्न झालं होतं का? हे मानमोडीच्या आधीचं की नंतरचं? १९१८च्या इन्फ्लुएंझाला जुनी माणसं मानमोडी म्हणत, आजीने तो शब्द ऐकलेला असेल. झोपड्या कुठल्या रानात होत्या, शिवाराचं नाव काय, घरात कोण गेलं, परत गावात यायला कुणी सांगितलं, देव कुठे ठेवले होते? सालापेक्षा या प्रश्नांची उत्तरं माणसांना जास्त लक्षात असतात, आणि साल बऱ्याचदा त्यांतूनच सापडतं.

‘ऐकीव’ म्हणून सर काढून टाकतील ही धास्ती सोड. मौखिक साधन म्हणून त्याला वेगळी जागा दे, पुण्याच्या प्रकरणात मिसळू नकोस. मुलाखतीची तारीख, ठिकाण, आजीचं वय, आणि हे दुसऱ्या पिढीकडून ऐकलेलं आहे ही नोंद, एवढं टिपेत असलं की ते कुठल्याही छापील पानाइतकंच उजळ माथ्याने उभं राहील. नाव छापायचं की नाही हे आजीला विचार, तिची परवानगी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच घे. मध्ये तिला दुरुस्त करू नकोस, ‘पण आजी, तेव्हा तर रँड…’ असं तर मुळीच नको. ती विषय सोडून विहिरीबद्दल, बैलांबद्दल बोलायला लागली तरी चालू ठेव.

मुंबईचं दफ्तर पुढच्या महिन्यात झालं तरी चालेल. आजीकडे या रविवारी बस. फोन चार्ज करून ठेव, पंखा बंद कर, आवाज नीट येत नाही. आणि तिच्याजवळ शेजारची एखादी तिच्याच वयाची बाई बसवता आली तर बघ, दोघी एकमेकींना आठवण करून देतात.